पोटावरची पिशवी: ऑपरेशन सर्जन करतो, पण ती सांभाळायला शिकवतं कोण?

डिस्चार्जचा दिवस. सकाळच्या राउंडला टाके बघून झालेत, फाईलवर सही झालीय, बिलाची किंवा योजनेची कागदपत्रं पूर्ण झालीत. नातेवाईक गाडी बघायला खाली गेलाय. कॉटवर बसलेल्या माणसाच्या पोटावर एक पारदर्शक पिशवी चिकटवलेली आहे आणि त्याच्या हातातल्या कार्डावर औषधांच्या यादीखाली शेवटच्या ओळीत लिहिलंय: कोलोस्टोमी केअर.

म्हणजे नेमकं काय करायचं? ते सांगायला वॉर्डातल्या सिस्टर येतात. त्यांना पाच मिनिटं असतात, कधी तेवढीही नसतात. पिशवी अशी काढायची, अशी लावायची, भरली की रिकामी करायची. "समजलं ना?" रुग्ण मान हलवतो. घरी पोचल्यावर रात्री दोनला पिशवी सुटते, अंथरूण खराब होतं आणि मग लक्षात येतं की काहीच समजलेलं नव्हतं.

वॉर्डातल्या सिस्टरना स्टोमाच्या रुग्णाची काळजी घेण्याबद्दल नेमकं किती माहीत असतं, हा प्रश्न जगभर विचारला जातोय. तुर्कस्तानात, अमेरिकेत परिचारिकांना प्रश्नावल्या देऊन हे तपासलं गेलंय. आपल्याकडे या विषयावर बोलणं तसं कमीच, कारण विषय संडासाचा आहे.

आधी हे समजून घेऊ: स्टोमा म्हणजे काय?

स्टोमा हा ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ तोंड. आतड्याचं एक टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून त्वचेला शिवतात आणि शौच तिथून बाहेर पडतं. मोठं आतडं बाहेर काढलं तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला तर इलिओस्टोमी. या तोंडाला दार नसतं, म्हणजे रोखून धरणारा स्नायू नसतो. त्यामुळे शौच कधी येईल यावर माणसाचा ताबा राहत नाही आणि पिशवी लागते.

हे कुणाला करावं लागतं? गुदाशयाच्या कॅन्सरचे रुग्ण आठवतात, आणि ते बरोबरच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात वर्षाला सुमारे ७० हजार लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर होतो. पण आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात टायफॉइडमुळे आतड्याला छिद्र पडलेला तरुण असतो, पोटाचा टीबी झालेली बाई असते, अपघातात पोटाला मार बसलेला ट्रकचा क्लीनर असतो. गुदद्वारच तयार न झालेलं नवजात बाळ असतं. यातल्या अनेकांचा स्टोमा तात्पुरता असतो, काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडतात. काहींचा मात्र कायमचा.

या सगळ्यांना एकाच नावाने, "पिशवीवाला पेशंट" म्हणून ओळखलं जातं. गडबड इथूनच सुरू होते.

डावीकडची पिशवी आणि उजवीकडची पिशवी

मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम म्हणजे पाणी शोषणं. दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पाणी ते परत शरीरात घेतं. कोलोस्टोमी बहुतेक वेळा पोटाच्या डाव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे असते. तिथे पोचेपर्यंत पाणी शोषलं गेलेलं असतं, त्यामुळे शौच बऱ्यापैकी घट्ट येतं.

इलिओस्टोमी बहुतेक वेळा उजवीकडे. इथे मोठं आतडं वाटेत येतच नाही. जे बाहेर पडतं ते पातळ असतं, दिवसभर येत राहतं आणि त्यात पाणी व मीठ दोन्ही भरपूर असतं. त्यातले पाचक रस अन्न पचवतात तशीच त्वचाही पचवायला बघतात. सुरुवातीला दिवसाला अर्धा ते सव्वा लिटर हे चालण्यासारखं. दीड-दोन लिटरच्या वर गेलं की धोका.

हा फरक कळणं ही स्टोमाच्या काळजीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणावी लागेल. इलिओस्टोमी झालेला माणूस पुन्हा दवाखान्यात दाखल होतो त्यामागे शरीरातलं पाणी कमी होणं हे फार मोठं कारण असतं. तोंडाला कोरड, पायात गोळे, उठल्यावर चक्कर, लघवी कमी आणि गडद. दुर्लक्ष झालं तर क्रिएटिनिन वाढतं, किडनीवर येतं. कॅन्सरचा रुग्ण असेल तर पुढची केमोथेरपी लांबते.

आता इथे घरचे काय करतात? "पाणी पी, पाणी पी" म्हणून मागे लागतात. अनेकदा वॉर्डातूनही हाच सल्ला मिळालेला असतो. पण लहान आतड्यात नुसतं पाणी गेलं की मीठ आतड्याच्या पोकळीत ओढलं जातं आणि पिशवीतून आणखी पाणी जातं. म्हणजे माणूस पितोय जास्त आणि कोरडा पडतोय जास्त. त्याला हवं असतं मीठ-साखरेचं योग्य प्रमाण असलेलं ओआरएस, तेही घोट घोट. नारळपाणी आणून देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणजे इथे हवं त्याच्या बरोबर उलट. किडनीवर ताण आलेला असेल तर ते नडूही शकतं.

गोळ्यांचंही तसंच. काही गोळ्यांवर असं आवरण असतं की त्या हळूहळू किंवा आतड्यात पुढे जाऊन विरघळतात. इलिओस्टोमीत त्या अख्ख्याच्या अख्ख्या पिशवीत सापडू शकतात. रुग्ण रोज गोळी घेतोय आणि औषध लागू पडत नाही, याचं उत्तर कधी कधी पिशवीत पडलेलं असतं. पिशवी रिकामी करताना ते दिसतं सिस्टरला किंवा मावशींना. पण हे बघायचं असतं, हे कुणी सांगितलेलं असेल तर.

ऑपरेशनच्या आधीची एक खूण

स्टोमा पोटावर नेमका कुठे काढायचा, हे शक्य असेल तेव्हा ऑपरेशनच्या आधी ठरवून, पेनने खूण करून ठेवायचं असतं. इमर्जन्सीत वेळ नसतो, ते समजण्यासारखं आहे. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्येही ही खूण राहून जाते. मग ऑपरेशन टेबलावर, आडव्या झोपलेल्या, भूल दिलेल्या माणसाच्या पोटावर जागा ठरते.

आडवं झोपलेलं पोट सपाट असतं. बसलं की त्याला घड्या पडतात. एखाद्या घडीत स्टोमा गेला तर पिशवीचा चिकटणारा भाग तिथे कधीच नीट बसत नाही. म्हणून खूण करताना माणसाला झोपवून, बसवून, वाकवून, उभं करून बघायचं. पोटाच्या सरळ उभ्या स्नायूवर जागा हवी, म्हणजे पुढे हर्नियाचा धोका कमी होतो. जुन्या टाक्यांचा वण, बेंबी, हाडाचा उंचवटा टाळायचा. आणि स्वतःचा स्टोमा माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे, नाहीतर तो पिशवी बदलणार कशी? पोट मोठं असेल तर खालच्या बाजूचा स्टोमा त्याला आरशाशिवाय दिसतच नाही.

एवढं पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते असं की परकराची नाडी बरोबर कुठे बसते. नऊवारीचा ओचा कुठे खोचतात. धोतर नेसणाऱ्याचं, पँटला पट्टा लावणाऱ्याचं, सलवार घालणाऱ्या मुलीचं माप वेगळं. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसणारा, शेतात उकिडवं बसून खुरपणी करणारी, नमाज पढताना वाकणारा, यांची पोटं खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा वेगळी दुमडतात. हे विचारायला मशीन लागत नाही. "साडी नेसता का? नाडी कुठे बांधता? दाखवा बरं," एवढं विचारणारी व्यक्ती लागते. वॉर्डात ती व्यक्ती सिस्टरच असू शकते. सर्जनने परकराची नाडी विचारल्याचं ऐकिवात नाही!

ही खूण करणं हे आपलं काम आहे की सर्जनचं की तज्ज्ञ परिचारिकेचं, याबद्दल वॉर्डातल्या परिचारिकांमध्ये स्पष्टता नसते. काम कुणाचं हेच ठरलेलं नसेल, तर ते कुणीच करत नाही.

लाल दिसतंय, म्हणजे काहीतरी बिघडलंय?

निरोगी स्टोमा लालसर-गुलाबी आणि ओला असतो, गालाच्या आतल्या भागासारखा. पुसताना थोडं रक्त येणं नेहमीचं. त्याला वेदना कळत नाही, कारण तशा नसाच तिथे नसतात. ऐकायला बरं वाटतं, पण धोका यातच आहे. पिशवीच्या फ्लँजचं भोक लहान कापलं गेलं आणि कडा आतड्याला कापत राहिली तरी रुग्णाला कळणार नाही. बघूनच कळणार. रंग जांभळा किंवा काळपट होत असेल तर रक्तपुरवठा अडलाय, तेव्हा सकाळच्या राउंडची वाट बघायची नसते, सर्जनला तेव्हाच बोलवायचं असतं.

उलट त्वचेचं. स्टोमा लाल हवा, पण त्याभोवतीची त्वचा पोटाच्या बाकीच्या त्वचेसारखीच दिसली पाहिजे. ती लाल, ओली, सोललेली असेल तर शौच पिशवीखाली झिरपतंय. याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे मोठं कापलेलं भोक. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो. डिस्चार्जच्या दिवशी ज्या मापाने भोक कापायला शिकवलं, तेच माप दोन महिन्यांनीही वापरलं तर मधली त्वचा उघडी पडते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं आणि सुरुवातीला दर वेळी नव्याने मोजायला हवं. "पुन्हा मोजा" हे दोन शब्द सांगायचे राहिले की माणूस महिनोन् महिने आग सोसतो. वर स्वतःलाच दोष देतो, आपल्याला जमत नाही म्हणून.

मग घरगुती उपाय सुरू होतात. डेटॉल लावलं जातं, स्पिरिटने पुसलं जातं, खोबरेल तेल चोळलं जातं, पावडर मारली जाते. तेल आणि पावडर यांच्यावर पिशवी चिकटत नाही, डेटॉल आणि स्पिरिट सोललेल्या त्वचेला आणखी जाळतात. स्वच्छ कोमट पाणी आणि मऊ कापड, कोरडं करून पिशवी, एवढंच खरं तर पुरतं. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. पूर्ण भरेपर्यंत थांबलं की वजनाने सुटते.

हे तंत्र आलं कुठून?

गंमत म्हणजे स्टोमाच्या काळजीचा इतिहास सर्जनपेक्षा बायकांनी जास्त घडवलाय. १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिसे सॉरेन्सेन नावाच्या परिचारिकेच्या बहिणीवर हे ऑपरेशन झालं. पिशवी गळेल या भीतीने बहीण घराबाहेर पडेना. सॉरेन्सेन यांना त्वचेला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली. त्या एका प्लॅस्टिक उत्पादकाकडे गेल्या आणि त्यातून पुढे १९५७ मध्ये कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली.

त्याच १९५४ साली अमेरिकेत नॉर्मा गिल यांची इलिओस्टोमी झाली. त्यांचे सर्जन होते क्लीव्हलँड क्लिनिकचे रुपर्ट टर्नबुल. बऱ्या झाल्यावर त्या इतर रुग्णांना आपल्या अनुभवातून शिकवू लागल्या. टर्नबुल यांनी त्यांना १९५८ मध्ये कामावर घेतलं आणि १९६१ मध्ये या कामाचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. नॉर्मा गिल परिचारिका नव्हत्या, रुग्ण होत्या. या शाखेला एन्टेरोस्टोमल थेरपी म्हणतात. १९७८ मध्ये तिची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या.

भारतातही हे शिक्षण आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि परिचारिकांसाठी या विषयाचा अभ्यासक्रम चालतो. मुंबईतच ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९७५ पासून काम करते. तिथे स्वतः स्टोमा असलेली माणसं नव्या रुग्णांशी बोलतात. ज्याला कालपर्यंत वाटत होतं की आपलं संपलं, त्याच्यासमोर वीस वर्षं पिशवी लावून नोकरी करणारा माणूस येऊन बसतो. त्याचं काम कुठलीही माहितीपुस्तिका करू शकत नाही.

पण हे सगळं मुंबईत. आणि रुग्ण येतो बीडहून, गडचिरोलीहून, नंदुरबारहून.

मग सिस्टरना येत का नाही?

"सिस्टरना काही येत नाही" असं म्हणणं सोपं आहे आणि ते अन्यायकारकही आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमध्ये कोलोस्टोमीची काळजी शिकवतात. परीक्षेत प्रश्नही येतो. पण प्रश्नाचं उत्तर लिहिणं वेगळं आणि रडणाऱ्या माणसाच्या पोटावरची गळती थांबवणं वेगळं. ज्या परिचारिकांच्या हाताखालून असे रुग्ण वारंवार जातात त्यांचा आत्मविश्वास जास्त असतो, आणि यात आश्चर्य काहीच नाही. ऑर्थोपेडिक वॉर्डातून काल सर्जिकलला आलेल्या सिस्टरने वर्षभरात एकही स्टोमा पाहिलेला नसू शकतो.

दुसरी गोष्ट वेळेची. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला एकदा चक्कर मारली की हे निकष कागदावर का वाटतात ते कळतं. पिशवी बदलणं आणि ती बदलायला शिकवणं यात अर्धा तास जातो. इंजेक्शन, सलाईन, नवी भरती आणि रजिस्टरं सांभाळून तो अर्धा तास काढायचा कुठून?

तिसरी गोष्ट म्हणजे बदली. एखाद्या सिस्टरने हौसेने प्रशिक्षण घेतलं, हात बसला, आणि सहा महिन्यांनी तिला लेबर रूममध्ये टाकलं, की ते ज्ञान वॉर्डातून निघून गेलं. जिल्हा रुग्णालयात प्रत्येक सिस्टरला तज्ज्ञ करायची गरज नाही. एकीला नीट शिकवून सर्जिकल विभागात ठेवलं, आणि बाकीच्यांना कधी तिला बोलवायचं एवढं माहीत असलं, तरी बराच फरक पडेल. यासाठी नवी इमारत किंवा महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो प्रशासनाचा एक आदेश.

आणखी एक गोष्ट प्रश्नावलीत मोजता येत नाही. पहिल्यांदा पिशवी उघडली जाते तेव्हा रुग्ण स्टोमाकडे बघत नसतो, समोरच्या सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत असतो. तिथे नाक मुरडलेलं दिसलं तर तो पुढे घरी जेवणाच्या पंक्तीत बसेल का, लग्नाकार्याला जाईल का, बायकोशेजारी झोपेल का, याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

पिशवीचा खर्च आणि कायदा

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं तरी पिशवी लागतच राहते. चार दिवसाला एक म्हटली तरी महिन्याला सात-आठ. एकेक पिशवी शंभर-दोनशे रुपयांपासून पुढे, शिवाय पेस्ट वगैरे वेगळं. रोजंदारीवर जगणारा माणूस मग एकच पिशवी धुऊन पुन्हा लावतो, चिकटपट्टीने दाबतो, कुणी साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि फडकं बांधतो. त्वचा सोलली म्हणून त्याला ओरडण्याआधी हे विचारायला हवं की गावात पिशवी मिळते का आणि परवडते का. ही विचारपूसही काळजीचाच भाग आहे.

इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असलेल्यांना औषधांचं प्रिस्क्रिप्शन शुल्क माफ असतं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व नोंदवलेलं आहे, त्यात स्टोमा नाही.

घरी जाण्याआधी काय विचाराल?

घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर सगळ्यात आधी स्टोमा कुठल्या आतड्याचा आहे आणि तात्पुरता की कायमचा, हे लिहून घ्या. स्टोमा असूनही शौचाच्या मूळ जागेतून चिकट स्राव येतो तेव्हा अनेकजण घाबरतात. गुदाशय काढून टाकलेला नसेल तर तसं येणं नेहमीचं आहे.

पिशवी कशी बदलायची हे बघून भागत नाही. रुग्णाने स्वतःच्या हाताने, सिस्टरसमोर, निदान दोनदा बदललेली असावी. पुष्कळदा हे काम परस्पर बायकोला किंवा सुनेला शिकवलं जातं आणि धडधाकट पुरुष छताकडे बघत पडून राहतो. सिस्टरनी तिथे त्याच्याच हातात कात्री द्यायला हवी, मग चार वेळा भोक वाकडं कापलं गेलं तरी चालेल.

इलिओस्टोमी असेल तर पहिले सहा आठवडे मक्याचं कणीस, शेंगदाणे, सुकं खोबरं टाळा आणि जे खाल ते चावून खा. बाहेर आलेलं पाणी किती, ते मापाच्या भांड्याने मोजून वहीत लिहा. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टोमा काळा पडला, पिशवी चार-सहा तास कोरडी राहून पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, किंवा दिवसात दीड-दोन लिटरच्या वर पाणी गेलं, तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीसाठी थांबू नका. आणि निघताना एक फोन नंबर मागून घ्या, रात्री दोनला उचलला जाईल असा.